माझी चिठ्ठी निघाली ‘गुन्हेगार’!

आमच्या वर्गात डिबेट होतं. मीडिया लॉ शिकवणाऱ्या मॅडमनी टेबलावर चिठ्ठ्यांचा डबा ठेवला. विषय एकच, एडवर्ड स्नोडेन. अमेरिकन सरकार लोकांवर पाळत ठेवतंय हे जगाला सांगणारा हा माणूस हिरो की गुन्हेगार? निम्म्या चिठ्ठ्यांवर एक शब्द, निम्म्यांवर दुसरा. माझ्या चिठ्ठीत निघालं ‘गुन्हेगार’.

मी जाम वैतागले. ‘सिटिझनफोर’ ही ऑस्करवाली डॉक्युमेंटरी मी दोनदा पाहिलेली. त्याच्या बाजूने बोलायला मला तयारीसुद्धा लागली नसती! मॅडमना म्हटलं, बदलून द्या ना. त्या म्हणाल्या, “आठ दिवस त्याच्या विरोधातलं वाच, मग सांग.” वाचलं. आणि डोक्याची पार मंडई झाली.

आधी नेमकं काय झालं ते सांगते, कारण 2013 मध्ये तुम्ही-आम्ही प्राथमिक शाळेत होतो. स्नोडेन तेव्हा 29 वर्षांचा होता. हवाईमध्ये राहायचा, एका खासगी कंपनीच्या पगारावर होता, पण काम करायचा अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेसाठी. मे महिन्यात तो हाँगकाँगला गेला आणि एका हॉटेलात पत्रकारांना भेटला. ओळखीची खूण काय, तर हातातला रुबिक क्यूब. 5 जून 2013 ला ‘द गार्डियन’मध्ये पहिली बातमी आली. व्हेरायझन या टेलिफोन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज एनएसएला द्याव्यात, असा एका गुप्त न्यायालयाचा आदेश होता. दुसऱ्याच दिवशी ‘प्रिझम’ची बातमी आली. गुगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांकडून युझर्सचा डेटा मिळवण्याचा हा कार्यक्रम. चार दिवसांनी स्नोडेनने स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलं की हे मी केलं.

आता तुम्ही म्हणाल, कॉलच्या नुसत्या नोंदी तर होत्या, बोलणं थोडीच ऐकत होते? सरकारही तेच म्हणत होतं. पण तुम्ही हॉस्टेलला राहिला असाल तर तुम्हाला हे लगेच कळेल. गेटवरचं रजिस्टर आठवा. जाण्याची वेळ, येण्याची वेळ, कुठे, कुणासोबत, सही. तुम्ही तिथे काय बोललात, काय केलंत याचा त्यात एक शब्द नसतो. पण तीन महिन्यांची पानं एकत्र घेऊन बसा. कोण कुणाच्या प्रेमात आहे, कुणाचं ब्रेकअप झालं, कोण नोकरी शोधतंय, कोण गुपचूप डॉक्टरकडे जातंय, सगळं दिसतं. मेटाडेटा म्हणतात तो हाच. फक्त कोट्यवधी लोकांचा.

त्यामुळे ‘हिरो’वाल्या टीमचं काम सोपं होतं. त्यांच्याकडे क्लॅपर होता. मार्च 2013 मध्ये, म्हणजे बातम्या फुटायच्या तीनच महिने आधी, सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना सिनेटच्या समितीसमोर सरळ विचारलं होतं की कोट्यवधी अमेरिकनांचा कोणताही डेटा एनएसए गोळा करते का. क्लॅपर नाही म्हणाले. पुढे 2014 मध्ये सरकारच्याच एका देखरेख मंडळाने सांगितलं की फोन नोंदींच्या या कार्यक्रमामुळे दहशतवादाच्या तपासात निर्णायक फरक पडल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. 2015 मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, कायद्यात याला परवानगीच नव्हती. त्याच वर्षी कायदा बदलला. म्हणजे स्नोडेन बोलला नसता तर हे सगळं तसंच चालू राहिलं असतं.

मग माझ्याकडे काय उरलं? बरंच काही. अमेरिकी काँग्रेसच्या गुप्तचर समितीने 2016 मध्ये म्हटलं की त्याने 15 लाख फायली उचलल्या आणि त्यातल्या बहुतेक फायलींचा नागरिकांच्या प्रायव्हसीशी संबंधच नव्हता, त्या लष्करी आणि संरक्षणाच्या गोष्टी होत्या. (हा आकडा स्नोडेनच्या बाजूच्या लोकांना मान्य नाही, तेही सांगायला हवं.) दुसरं म्हणजे त्याला कुणी निवडून दिलेलं नव्हतं. काय गुप्त राहावं आणि काय नाही हे एका 29 वर्षांच्या पोराने एकट्याने ठरवायचं? उद्या एखाद्या कमी समंजस माणसाने हेच केलं तर? आणि तिसरा माझा हुकमी एक्का, रशिया! 2022 मध्ये युक्रेनवर बॉम्ब पडत असताना पुतिन यांच्या सहीने त्याला रशियाचं नागरिकत्व मिळालं. लोकांवर पाळत ठेवणं वाईट असं सांगणारा माणूस राहतो कुठे, तर मॉस्कोत.

त्याच्यासमोर मी डॅनियल एल्सबर्ग उभा करणार होते. 1971 मध्ये व्हिएतनाम युद्धाबद्दल सरकार कसं खोटं बोललं हे सांगणारे ‘पेंटागॉन पेपर्स’ त्याने वृत्तपत्रांना दिले. तो पळाला नाही. स्वतःहून हजर झाला, 115 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकेल अशा आरोपांना सामोरा गेला. 1973 मध्ये खटला रद्द झाला, कारण सरकारच्या माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या ऑफिसात चोरून घुसण्यापर्यंत मजल मारली होती. मी वहीत लिहून ठेवलं होतं, ‘खरा हिरो कोर्टात उभा राहतो.’ टाळ्या नक्की!

आणि मग मला सापडलं की खुद्द एल्सबर्गनेच 2013 मध्ये लेख लिहून सांगितलं होतं, स्नोडेन देश सोडून गेला हे बरोबरच केलं. माझा काळ वेगळा होता, मला जामीन तरी मिळाला, असं त्याचं म्हणणं. स्नोडेनवर आरोप आहेत ते 1917 च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली. या कायद्यात तुम्ही गुपित शत्रूला विकलं की लोकांच्या भल्यासाठी छापायला दिलं, याला फारशी किंमत नाही. ‘मी हे का केलं’ हे ज्युरीला सांगायची सोयच नाही. चेल्सी मॅनिंगला 2013 मध्येच 35 वर्षांची शिक्षा झाली होती (पुढे ओबामांनी ती कमी केली). रशियातही त्याला जायचं नव्हतं म्हणे, वाटेत पासपोर्ट रद्द झाला आणि मॉस्कोच्या विमानतळावरच महिनाभराहून जास्त अडकला. माझा एक्का गेला ना राव.

या अडकलेल्या दिवसांत त्याने वीसेक देशांकडे आश्रय मागितला. त्या यादीत आपणही होतो. भारताने नाही म्हटलं. गंमत म्हणजे 2010 मध्ये हाच माणूस दिल्लीत येऊन एका इन्स्टिट्यूटमध्ये एथिकल हॅकिंगचा कोर्स करून गेलेला. आणि त्याच्याच कागदांतून बाहेर आलं होतं की मार्च 2013 या एका महिन्यात एनएसएने भारतातून 630 कोटी नोंदी उचलल्या. पहिल्या पाच देशांत आपण. एवढं असून आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री म्हणाले की ही काही खरी हेरगिरी नव्हे.

आपल्याकडे कुणी असं केलं तर? आपला ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट 1923 चा आहे, इंग्रजांचा. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये झाला, पण तो वर्षानुवर्षं लागूच केलेला नाही. सत्येंद्र दुबे हे नाव तुम्ही ऐकलंय का? महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, माझं नाव गुप्त ठेवा असंही सांगितलं. ते राहिलं नाही. 2003 मध्ये गयेत त्याचा गोळ्या घालून खून झाला. सीबीआयने ते लुटीचं प्रकरण ठरवलं.

हॉस्टेलच्या रजिस्टरचं उदाहरण मी उगाच दिलेलं नाही. माझी एक मैत्रीण तिथल्या ऑफिसात संध्याकाळी दोन तास कॉम्प्युटरवर काम करायची, पॉकेटमनीसाठी. तिला कळलं की आमच्या नोंदी एक्सेलमध्ये भरून दर रविवारी घरच्यांना पाठवल्या जातात. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं. तिने मेसमध्ये आम्हाला त्या शीटचा फोटो दाखवला. ग्रुपवर हार्टचा पाऊस पडला. चार दिवसांत तिला कामावरून काढलं, ऑफिसातली माहिती बाहेर नेली म्हणून. पुढच्या टर्मला रूमही नाही दिली. ‘ज्यांना काही सांगायचंय त्यांनी ऑफिसला या’ असं रेक्टरनी सांगितलं तेव्हा कुणीच गेलं नाही. मीही गेले नाही, माझी इंटर्नल्स होती. महिन्याभराने नोटीस बोर्डवर कागद लागला, नोंदी पालकांना कळवल्या जातील म्हणून. म्हणजे निदान आता उघड तरी झालं.

पण अजून एक सांगते, हे मी तेव्हा कुणाशी बोलले नव्हते. त्या फोटोत सगळ्यांचीच नावं होती. एक मुलगी दर मंगळवारी दुपारी कुठे जाते हे त्या दिवशी अख्ख्या मेसला कळलं. तिने दोन आठवडे आमच्यासोबत जेवण केलं नाही. स्नोडेनने फायली थेट नेटवर टाकल्या नाहीत, पत्रकारांकडे दिल्या आणि काय छापायचं ते त्यांच्यावर सोडलं. हे का महत्त्वाचं आहे ते मला कायद्याच्या पुस्तकातून नाही, त्या मुलीच्या रिकाम्या खुर्चीवरून कळलं.

डिबेट आम्ही दोन मतांनी जिंकलो. मी रशियाचा मुद्दा घेतलाच नाही. शेवटी मॅडमनी विचारलं, चिठ्ठी बाजूला ठेवून सांग, तो कायदा मोडणारा आहे का? मी म्हटलं, हो. त्याने केलं ते करायला हवं होतं का? मी म्हटलं, हो. मग खटला? म्हटलं, चालवा, पण ‘का केलं’ हे सांगू द्या त्याला.

रात्री मैत्रिणीला फोन केला. ती आता एका आजींकडे पीजी राहते. तिला सगळं डिबेट ऐकवलं. ती म्हणाली, “हिरो-बिरो राहू दे गं. त्या दिवशी तुमच्यातल्या पाच जणी जरी ऑफिसला आल्या असत्या ना, तर माझी रूम राहिली असती.” मग तिने इंटर्नशिपचं विचारलं, स्टायपेंड मिळतो का विचारलं, आणि आजी झोपल्यात म्हणून फोन ठेवला.