नायलॉनची दोरी जादू म्हणून दाखवू नये

28 फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामाची कथा वाचकांना पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. मात्र याच तारखेला, 1935 साली, अमेरिकेत विल्मिंग्टन इथल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली काम करणाऱ्या जेरार्ड बर्शे यांनी पहिल्यांदा नायलॉन 6,6 तयार केलं, याची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. विज्ञान प्रदर्शनात नायलॉन भेटतं ते एका प्रयोगाच्या रूपात. चंचुपात्रात दोन रंगहीन द्रव एकावर एक ओतायचे, ते जिथे भेटतात तिथे धरलेला पापुद्रा चिमट्याने उचलायचा आणि वर ओढत राहायचं. दोरी निघतच राहते, काचकांडीवर गुंडाळली जाते, मुलं टाळ्या वाजवतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. माझी तक्रार या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. शालेय रसायनशास्त्रात इतका अर्थपूर्ण प्रयोग क्वचितच सापडेल, आणि तो आपण जादू म्हणून दाखवतो. सोबत ‘नायलॉन असं तयार होतं’ असंही सांगतो. ते तर खरंही नाही.

कारखान्यात नायलॉन असं तयार होत नाही. तिथे हेक्झामिथिलीन डायअमाइन आणि ॲडिपिक आम्ल यांचं आधी मीठ करतात, कारण त्या मिठाच्या स्फटिकात दोन्ही घटक आपोआप एकास एक प्रमाणात बसतात. मग ते दाबाखाली 270-280 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बाहेर पडणारं पाणी वाफेच्या रूपाने काढून घेतात. प्रमाणाचा एवढा आग्रह कशासाठी, याचं उत्तर कॅरोदर्स यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका साध्या समीकरणात आहे. दोन्ही बाजूंनी हात असलेले रेणू एकमेकांना धरत गेले की साखळी वाढते. जुळू शकणाऱ्या टोकांपैकी 95 टक्के टोकं जुळली तर साखळीत सरासरी 20 दुवे होतात, 99 टक्के जुळली तर 100. परीक्षेत 95 आणि 99 यांत फारसा फरक नसतो, इथे मात्र तो ठिसूळ भुकटी आणि धागा यांच्यातला फरक ठरतो. प्रमाण चुकलं तर आणखी वाईट. एक घटक दुसऱ्यापेक्षा पाच टक्क्यांनी कमी पडला, तर अभिक्रिया शेवटपर्यंत नेली तरी सरासरी 40 च्या पुढे जात नाही, कारण सगळ्या साखळ्यांच्या दोन्ही टोकांना जास्तीचाच घटक येऊन बसतो आणि पुढे धरायला कुणी उरत नाही.

आता हेच गणित प्रात्यक्षिकाला लावून पाहू. एका प्रचलित कृतीत 50 मिलिलिटर पाण्यात 2.2 ग्रॅम डायअमाइन घेतात आणि 50 मिलिलिटर सायक्लोहेक्झेनमध्ये, ॲडिपिक आम्लाच्या जागी, 1.5 ग्रॅम सेबॅकॉइल क्लोराइड हे आम्ल क्लोराइड. रेणूंच्या संख्येत मोजलं तर हे प्रमाण जवळजवळ तीनास एक पडतं. कारखान्याच्या हिशेबाने या चंचुपात्रात सरासरी दोन दुव्यांचे तुकडे व्हायला हवेत. प्रत्यक्षात हातात दोरी येते. बारावीच्या विद्यार्थ्याने चक्रावून जावं अशी जागा ही आहे, आणि नेमकी तीच आपण टाळ्यांच्या आवाजात हरवून बसतो.

उत्तर द्रवांच्या सीमेत आहे. डायअमाइन पाण्यात विरघळतं आणि थोडंफार सायक्लोहेक्झेनमध्येही शिरतं. सेबॅकॉइल क्लोराइड मात्र पाण्यात जात नाही. त्यामुळे भेट होते ती सीमेवर, खरं तर सीमेच्या किंचित पलीकडे, सायक्लोहेक्झेनच्या बाजूला. अमाइन आणि आम्ल क्लोराइड यांची अभिक्रिया इतकी वेगवान असते की सीमा ओलांडून आलेला रेणू लांब जाऊच शकत नाही, वाटेत भेटणारं पहिलं मोकळं टोक त्याला पकडतं. ते टोक बहुतेक वेळा आधीच वाढत असलेल्या साखळीचं असतं. पात्रात एकूण किती डायअमाइन आहे याला मग महत्त्व राहत नाही, सीमेवर क्षणोक्षणी किती पोचतं एवढंच उरतं, आणि ते प्रमाण अभिक्रिया स्वतःच सांभाळते. जास्तीचं डायअमाइन बाहेर पडणारं हायड्रोक्लोरिक आम्ल शोषून घेतं, किंवा काही कृतींत त्यासाठी पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. तापवणं नाही, दाब नाही, काटेकोर वजनही नाही. दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो आणि लगेच वाढायचा थांबतो, कारण तयार झालेला पापुद्राच दोन्ही द्रवांच्या मध्ये आडवा येतो. तो उचलला की ताजी सीमा उघडी पडते आणि नवा पापुद्रा धरतो. दोरी ‘निघते’ याचा अर्थ एवढाच.

हे प्रात्यक्षिक म्हणून प्रसिद्ध केलं ड्यूपॉन्टच्याच पॉल मॉर्गन आणि स्टेफनी क्वोलेक यांनी, ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये, 1959 साली. शिक्षकांसाठी काहीतरी रंजक शोधावं म्हणून ते प्रयोगशाळेत बसले नव्हते. त्यांच्या गटापुढचा प्रश्न कारखान्याचा होता. वितळण्याआधीच विघटन पावणारी बहुवारिकं, म्हणजे अशा लांब साखळ्यांचे पदार्थ, वितळवून कशी करणार? त्यासाठी कमी तापमानाच्या वाटा हव्या होत्या, आणि दोन द्रवांची सीमा ही त्यातली एक वाट. म्हणजे वर्गातल्या टेबलावर जे दिसतं ते जुन्या शोधाचं खेळणं नाही, त्या काळातल्या चालू संशोधनाचा तो कामाचा भाग होता. क्वोलेक यांच्याविषयी थोडं अधिक लिहायलाच हवं. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू केन्सिंग्टनमध्ये 1923 साली जन्मलेल्या या बाईंना डॉक्टर व्हायचं होतं. वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे साठवावेत म्हणून त्यांनी 1946 मध्ये ड्यूपॉन्टमध्ये तात्पुरती नोकरी धरली आणि 1986 मध्ये तिथूनच निवृत्त झाल्या. 1965 मध्ये, याच कमी तापमानाच्या रसायनशास्त्रात काम करताना, त्यांना एक विचित्र द्रावण मिळालं. बहुवारिकाची द्रावणं सहसा दाट आणि पारदर्शक असतात, हे पातळ आणि गढूळ होतं. कचरा पडलाय असं समजून ते ओतून देणं सहज शक्य होतं. धागा काढणाऱ्या यंत्रावर ते चालवायला तिथला तंत्रज्ञही आधी तयार नव्हता, सूक्ष्म छिद्रं तुंबतील अशी त्याला भीती होती. क्वोलेक यांनी आग्रह सोडला नाही. द्रावणातले ताठ रेणू आधीच एका दिशेत रांगेने उभे होते, म्हणून ते गढूळ दिसत होतं, आणि म्हणूनच निघालेला धागा वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट मजबूत ठरला. त्यातून केव्हलार आलं, गोळी अडवणारी जाकिटं आली. 2014 मध्ये क्वोलेक गेल्या. निवृत्तीनंतरही त्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवत राहिल्या होत्या. हा प्रयोग दाखवणाऱ्या किती फलकांवर त्यांचं नाव असतं? ते असायला हवं, आणि विज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या मुलींसाठी तर नक्कीच असायला हवं.

या प्रयोगाचं आजचं सर्वांत मोठं रूप आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेलं आहे. आरओ यंत्रातलं पटल. 1970 च्या दशकाच्या अखेरीस जॉन कॅडोट यांनी अमेरिकेत जी पद्धत बसवली तीत सच्छिद्र पॉलिसल्फोनचा थर आधी डायअमाइनच्या पाण्यातल्या द्रावणाने भिजवतात, मग त्यावर हेक्झेनसारख्या द्रवात विरघळलेलं ट्रायमेसॉइल क्लोराइड सोडतात. सीमेवर पॉलिअमाइडचा पापुद्रा धरतो आणि थांबतो. चंचुपात्रात ज्या अडवणुकीमुळे दोरी ओढत राहावं लागतं, तिच्यामुळेच इथे थर साधारण 100 ते 200 नॅनोमीटर एवढाच जाड राहतो. एवढा पातळ असल्यामुळे पाणी त्यातून जाऊ शकतं, आणि घट्ट असल्यामुळे क्षार मागे राहतात. फरक एवढाच की ट्रायमेसॉइल क्लोराइडला दोनऐवजी तीन हात असतात, त्यामुळे दोरीऐवजी जाळं विणलं जातं. मराठवाड्यातल्या खाऱ्या बोअरच्या पाण्यासाठी गावोगावी बसवलेले आरओ संच असोत, की मुंबई महापालिका अनेक वर्षं ज्याची चर्चा करते आहे तो मनोरीचा निःक्षारीकरण प्रकल्प, या सगळ्याच्या मुळाशी हीच सीमा आहे. विज्ञान प्रदर्शनातल्या टेबलावर जुन्या आरओचं उघडलेलं पटल ठेवलं, तर मुलांना दोरी पाहून कुठे पोचायचं ते कळेल.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा असतो, आणि तो बरोबर आहे. आम्ल क्लोराइडं दमट हवेतही हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात, त्वचा आणि डोळे जाळतात. डायअमाइन दाहक आहे, हेक्झेन आणि सायक्लोहेक्झेन झटकन पेट घेतात. दोरी आतून पोकळ असते आणि पोकळीत द्रव अडकलेला असतो, म्हणून ती धुतल्याशिवाय उघड्या हाताने धरू देणं चुकीचं आहे. पण यावर उपाय म्हणजे प्रयोग शिक्षकांनी करणं, हातमोजे, चष्मा, खेळती हवा आणि आसपास ज्योत नसणं. 10-10 मिलिलिटर द्रावणं पुरतात, खर्चही तेवढाच आवरतो. उरलेले द्रव जोराने ढवळले की राहिलेली द्रव्यं बऱ्याच अंशी एकमेकांत संपतात, मग विद्रावक मोरीत न ओतता वेगळा गोळा करायचा. दुसरा आक्षेप असा की व्हिडिओ दाखवला तरी चालेल. दोरी दाखवायची असेल तर चालेल. पण ओढणं थांबवल्यावर काय होतं, डायअमाइन निम्मं केलं तर पापुद्रा कसा बदलतो, ओढण्याऐवजी ढवळलं तर दोरीऐवजी गोळा का मिळतो, निघालेली दोरी सुकल्यावर इतकी कमजोर का असते, हे प्रश्न व्हिडिओत विचारता येत नाहीत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर नायलॉनच्या जन्माच्याही आधीचं आहे. 1930 मध्ये कॅरोदर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी पॉलिएस्टरचे तंतू थंड अवस्थेत ताणले, तेव्हा ताणल्यानंतर ते कित्येक पट मजबूत झालेले दिसले, कारण विस्कळीत साखळ्या ओळीत आल्या. पात्रातून आलेली दोरी कुणी ताणलेली नसते. ती धागा नव्हे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. संक्रांतीला नायलॉन मांजाने गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात, राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये देशभर बंदी घातली तरी तो दर जानेवारीत विकला जातो. अशा वेळी मुलांना नायलॉन करून दाखवणं म्हणजे प्लास्टिकचं कौतुक नाही का? माझ्या मते उलट आहे. नायलॉनमध्ये रेणूंना जोडणारा अमाइड बंध हाच रेशमात, लोकरीत आणि आपल्या स्नायूंतही असतो. तरी रेशीम कुजतं आणि झाडावर अडकलेला नायलॉन मांजा वर्षानुवर्षं तसाच राहतो. प्रथिनं कापणारी विकरं ज्या रचनेला सरावलेली आहेत ती नायलॉनच्या लांब, सरळ, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या साखळ्यांत त्यांना मिळत नाही. 1975 मध्ये जपानी संशोधकांना एका नायलॉन कारखान्याच्या सांडपाण्यात वाढणारे जिवाणू सापडले, पण तेही नायलॉनचे आखूड तुकडे खात होते, धागा नाही. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या पुस्तकातून बहुवारिकांचं प्रकरण 2022 च्या काटछाटीत गेलं. आपल्या राज्य मंडळाच्या 2020 च्या पुस्तकात मात्र ते होतं. मांजा का कुजत नाही आणि आरओचं पटल पाणी कसं गाळतं, या दोन्ही प्रश्नांची सुरुवात त्याच प्रकरणात आहे, म्हणून पुस्तकं बदलताना ते राज्य मंडळाने टिकवावं आणि या प्रयोगाला प्रात्यक्षिकांच्या यादीत, शिक्षकाने करून दाखवायचा प्रयोग म्हणून, स्थान द्यावं.