स्तन्य, आतडे आणि केमोकाइन

अतिसाराने मलूल झालेल्या तान्ह्या बालकाला चिकित्सालयात घेऊन येणारी माता पुष्कळदा सांगते, "डॉक्टरसाहेब, दूध बाधले असे सासूबाई म्हणाल्या, म्हणून कालपासून पाजणे बंद केले आहे." औषध दुकानातही अशा वेळी डब्याच्या दुधाची मागणी होते. हा समज किती घातक आहे, हे केमोकाइनविषयक संशोधनाच्या आधारे पाहू.

केमोकाइन ही अत्यंत लहान प्रथिने होत. मानवी शरीरात त्यांचे सुमारे ५० प्रकार आढळतात. श्वेतपेशींनी कोणत्या अवयवाकडे जावे, याचा संकेत ती देतात आणि त्या संकेताचा ग्राही ज्या पेशीवर असतो, तीच पेशी तिकडे वळते.

मातेच्या आतड्यात जंतू शिरले की तेथील लसीकापुंजांतील काही पेशी आयजीए प्रतिपिंडे निर्माण करण्यास सिद्ध होतात. त्यांच्यावर सीसीआर-१० हा ग्राही असतो. स्तन्यकाळात स्तनग्रंथी सीसीएल-२८ हे केमोकाइन स्रवतात व त्या संकेताने या पेशी रक्तावाटे स्तनात येऊन स्थिरावतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात सीसीएल-२८ चे कार्य रोखताच स्तनातील या पेशी आणि पिलांना मिळणारे आयजीए, दोन्ही घटले.

तात्पर्य, ज्या जंतूंशी मातेच्या आतड्याचा सामना झाला, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे दुधातून बालकाच्या आतड्याच्या श्लेष्मल आवरणास मिळतात. दूध तोडणे म्हणजे ऐन आजारात हे संरक्षण काढून घेणे होय.

आयुर्वेदाने स्तन्यास रसधातूचा उपधातू मानले आहे. मातेच्या आहाररसाशी त्याचा असलेला संबंध आपणांस नवा नाही. तथापि केमोकाइन म्हणजेच अमुक दोष किंवा ओज, अशी समीकरणे मांडण्याचा मोह टाळावा. दोन्ही शास्त्रांची परिभाषा भिन्न आहे. मात्र स्तन्यदुष्टीचे निदान करून मातेस औषध देताना "तोवर अंगावर पाजू नका" असे सहज सांगण्यापूर्वी वरील गोष्ट ध्यानात घ्यावी.

अतिसारात स्तनपान चालू ठेवून जलसंजीवनी द्यावी. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २००४ च्या निवेदनानुसार ६ महिन्यांखालील बालकास रोज १० मि.ग्रॅ. व त्यापुढील बालकास २० मि.ग्रॅ. झिंक १० ते १४ दिवस द्यावे. डोळे खोल गेले, बालक सुस्त झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

औषध दुकानदार बंधूंनीही डबा हाती देण्यापूर्वी एवढेच विचारावे, "आई अंगावर पाजते ना?" या एका प्रश्नाने एखादे तोडलेले दूध पुन्हा सुरू होऊ शकेल.