वर्गातली युक्ती वर कशी जाणार?

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. तिच्या लगतच्या अरबिंदो मार्गाने दक्षिणेकडे निघाले की काही किलोमीटरवर ‘एनसीईआरटी’चे आवार लागते. शालेय शिक्षणाच्या डिजिटल साहित्याचा राष्ट्रीय कारभार पाहणारी केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था याच आवारात आहे. वसाहतीतील नवयुग शाळेपासून ती दूर नाही. तिथे तयार झालेले साहित्य देशभरातल्या शाळांत पोहोचते. शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला सुचलेली युक्ती उलट दिशेने जावी, अशी वाट मात्र मला सहसा आढळत नाही.

ही वाट अशक्य नाही, हे महाराष्ट्राने दाखवले आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. मोबाइलने कोड टिपला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. २०१७ मध्ये राज्याने आणि २०१८ मध्ये केंद्राने पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचे जाहीर केले. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. त्या औदार्याची चर्चा रास्तच होती. पण खेड्यातल्या वर्गातून वर गेले ते नेमके काय? कोड गेला. कोणत्या मुलासमोर, पाठाच्या कोणत्या टप्प्यावर काय उघडायचे, हा शिक्षकाचा निर्णय मागेच राहिला. छापील पुस्तकातला कोड साऱ्या राज्यात एकच दार उघडतो.

हा निर्णय म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पात विद्युत मंडल जुळवण्याचा आभासी संच मोफत मिळतो. तो सरळ पडद्यावर दाखवला तर मुले रमतात आणि विसरतात. मात्र आधी विचारले, की दिव्यातून गेल्यावर प्रवाह कमी होतो का, तर बरेच हात ‘हो’साठी वर येतात. मग दिव्याच्या दोन्ही बाजूंना अमीटर जोडायचा. आकडा सारखाच येतो. वर्ग गप्प होतो आणि खरा पाठ तिथून सुरू होतो. हा प्रश्न संचात नाही, तो अनुभवी शिक्षकाकडे असतो. ‘वेब साधने वापरा’ असे परिपत्रक काढून तो दुसऱ्या वर्गात जात नाही. एका शिक्षकाने दुसऱ्याला सांगावा लागतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हे ओळखले होते. शिक्षकांनी कल्पना आणि चांगल्या पद्धती एकमेकांना सांगाव्यात यासाठी, विशेषतः ऑनलाइन, व्यासपीठे उभारण्याचे आश्वासन त्यात आहे. वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास आणि तोही शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार, असेही त्यात म्हटले आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले ‘दीक्षा’ व्यासपीठ तोवर हाताशी होते. ‘निष्ठा’चे प्रशिक्षणही पुढे त्यावरच आले. पण ते वाढले ते प्रामुख्याने साहित्याचे कोठार आणि अभ्यासक्रमांचे वाटपकेंद्र म्हणून. पाठ फसला कुठे आणि मग काय बदलले, हे सांगायला शिक्षक व्हॉट्सअ‍ॅप गटाकडेच वळतो. तिथे त्याची चांगली टीप माहिती तातडीने पाठवण्याच्या आदेशाखाली दुपारपर्यंत गाडली जाते.

साधनांचा प्रश्न संपलेला नाही, हेही खरे. ‘यूडायस प्लस’च्या २०२४-२५ च्या अहवालानुसार ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. आदल्या वर्षी ते ५३.९ टक्के होते. वाढ मोठी आहे. मात्र एका वर्षात वायर पोहोचू शकते, अध्यापनाची सवय नाही. देशात एक कोटीहून अधिक शिक्षक आहेत आणि त्यांनी परस्परांना शिकवावे यासाठी वेळ राखून ठेवणे हा खर्चाचा नव्हे, प्राधान्याचा विषय आहे.

महाराष्ट्रात केंद्रस्तरीय शिक्षण परिषद आधीपासून भरते. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक तिथे एकत्र येतात. तिचा पहिला तास शिक्षकांनी घेतलेल्या, फसलेल्यासुद्धा, पाठांना द्यावा आणि सूचनांचे वाचन शेवटी ठेवावे. तो तास धोरणातल्या ५० तासांत धरावा. आणि त्यातून निघालेली टिपणे ‘दीक्षा’वर त्या शिक्षकाच्या नावानिशी ठेवावीत.