दारू 'उतरते' म्हणजे काय होते?

कडक कॉफी प्यायली, लिंबू चोखले किंवा डोक्यावर गार पाणी ओतले, की चढलेली दारू उतरते, असे तुम्ही सिनेमात पाहिले असेल. मोठ्या माणसांच्या बोलण्यातही ऐकले असेल. हा समज चुकीचा आहे, आणि कधीकधी तो जिवावर बेततो. परीक्षा संपल्याचा दिवस, ३१ डिसेंबरची रात्र, एखाद्याच्या घरचे लग्न, अशा वेळी तुमच्या वयाच्या मुलांपुढे पहिला पेला येतो. त्या क्षणी उपयोगी पडेल असे थोडे गणित आज आपण करू. टक्केवारी आणि भागाकार येत असला की पुरे.

बाटलीतून रक्तात

बिअर असो, व्हिस्की असो की ताडी, सगळ्यांतला मादक घटक एकच असतो. तो म्हणजे इथिल अल्कोहोल, अर्थात मद्यार्क. अन्नाप्रमाणे तो पचावा लागत नाही. जठराच्या आणि मुख्यतः लहान आतड्याच्या भिंतीतून तो सरळ रक्तात उतरतो. पाण्यात तो कोणत्याही प्रमाणात मिसळतो. त्यामुळे शरीरात जिथे जिथे पाणी आहे तिथे तिथे तो पोहोचतो, मेंदूतसुद्धा.

'बिअर म्हणजे काही दारू नव्हे', असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपण हिशेब करून पाहू. 'स्ट्राँग' बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीवर ८ टक्के लिहिलेले असेल, तर तीत ५२ मिलिलिटर मद्यार्क असतो. मद्यार्काची घनता दर मिलिलिटरला ०.७९ ग्रॅम. म्हणजे वजन झाले सुमारे ४१ ग्रॅम. ४२.८ टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीचे ६० मिलिलिटरचे दोन पेग घेतले तरी जवळजवळ एवढाच मद्यार्क पोटात जातो.

हा मद्यार्क शरीरात किती जागेत पसरतो? स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी गेल्या शतकात यासाठी एक सोपे सूत्र दिले. पुरुषाच्या वजनाला साधारण ०.६८ ने आणि स्त्रीच्या वजनाला ०.५५ ने गुणायचे, आणि आलेल्या संख्येने मद्यार्काच्या वजनाला भागायचे. ५० किलो वजनाच्या मुलासाठी ५० × ०.६८ = ३४ किलो. आता ४१ ग्रॅमला ३४ ने भागा. उत्तर येते किलोला १.२ ग्रॅम, म्हणजे ढोबळमानाने १०० मिलिलिटर रक्तात १२० मिलिग्रॅम. सगळा मद्यार्क एकदम रक्तात आला असे येथे धरले आहे. मोटार वाहन कायद्यानुसार वाहनचालकाच्या रक्तातली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. एका बाटलीत तिच्या चौपट! तेवढ्याच वजनाच्या मुलीच्या बाबतीत हाच आकडा १५० च्या आसपास जातो.

तिकिटाची एकच खिडकी

आता हा मद्यार्क बाहेर कसा पडतो ते पाहू. श्वास, लघवी आणि घाम यांतून फारच थोडा जातो. बाकी सगळे काम यकृत करते. यकृतातले एक विकर मद्यार्काचे प्रथम ॲसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतर करते, आणि मग पुढची विघटनाची क्रिया होते.

किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल तुम्ही वाचला असेल. तिथे पदार्थ जास्त असेल तर दर सेकंदाला जास्त अणूंचा ऱ्हास होतो. मद्यार्काचे तसे नाही. दिवाळीच्या सुट्टीत रेल्वे स्थानकावर तिकिटाची एकच खिडकी उघडी आहे अशी कल्पना करा. रांगेत वीस माणसे असोत की दोनशे, खिडकीमागचा कारकून तासाला तेवढीच तिकिटे देणार. यकृतातले विकर थोड्या मद्यार्कानेच पुरते गुंतून जाते आणि मग ठरावीक वेगानेच काम करते. हा वेग माणसागणिक थोडा बदलतो, पण सरासरीने तो १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम असतो. १२० ला १५ ने भागा : आठ तास. रात्री दहाला रिकामी केलेली बाटली सकाळी सहापर्यंत अंगात असते.

कॉफीने झोप उडेल, गार पाण्याने हुडहुडी भरेल, पण रांग तसूभरही लवकर सरकणार नाही. बडीशेप चघळण्याचाही उपयोग नाही. फुफ्फुसांत रक्तातला मद्यार्क सतत श्वासात येत राहतो, आणि पोलिसांचे श्वासपरीक्षण यंत्र नेमका तोच मोजते.

पट्टीचा प्रयोग

मद्यार्काचा परिणाम आधी होतो तो विचार करणाऱ्या, सावधगिरी बाळगणाऱ्या मेंदूच्या भागांवर. म्हणून 'मला काही झालेले नाही, गाडी मीच चालवतो', असे वाटू लागते. ज्याने निवाडा करायचा तोच आधी झिंगतो. पाठोपाठ तोल जातो आणि प्रतिक्रिया मंदावतात.

प्रतिक्रियाकाल म्हणजे काय, हे तुम्ही वर्गात मोजू शकता. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तुमची बोटे शून्याच्या खुणेशी, पट्टीला न टेकवता ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. पट्टी २० सेंटिमीटर खाली आली असेल, तर ½gt² या सूत्रावरून तुमचा प्रतिक्रियाकाल सुमारे ०.२ सेकंद. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एवढ्या वेळात तीन मीटरहून अधिक पुढे जाते. मद्यार्कामुळे प्रतिक्रिया केवळ एवढीच लांबली, तरी ब्रेक दाबण्याआधीच हे अंतर वाढले!

'झोपू दे त्याला'

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातला मद्यार्क अर्धा-एक तास, कधी त्याहूनही जास्त वेळ रक्तात येतच राहतो. पैज लावून भराभर प्यालेला मुलगा आडवा झाला, तरी त्याच्या रक्तातले प्रमाण वाढतच असते. ते फार वाढले की श्वास चालवणारे मेंदूतले केंद्रही मंदावते. बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत अडकू शकते.

म्हणून मित्र हलवूनही जागा होत नसेल, श्वास अगदी सावकाश किंवा थांबून थांबून चालत असेल, अंग गार वा ओठ निळसर पडले असतील, झटके येत असतील, तर ताबडतोब १०८ वर रुग्णवाहिका किंवा ११२ वर मदत मागवा. तोवर त्याला एका कुशीवर वळवा आणि एकटे सोडू नका. बोटे घालून उलटी काढू नका, तोंडात काहीही घालू नका. 'घरी कळेल' ही भीती खरी असते, पण घरच्यांचा राग चार दिवसांनी ओसरतो.

लवकर सुरुवात, खोल मूळ

निर्णय आणि संयम यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी पिणे सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात केव्हातरी दारूच्या आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. यात घरची परिस्थिती, आनुवंशिकता यांचाही वाटा असणार. सगळा दोष केवळ वयावर टाकता येणार नाही. तरीही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. महाराष्ट्रात बिअरसाठीसुद्धा किमान वय २१ आहे, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे वैद्याच्या सल्ल्याशिवाय अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणे हा गुन्हा आहे.

मदत कुठे मिळते?

सवय लागते आहे असे वाटले, तर विश्वासातल्या शिक्षकांशी किंवा डॉक्टरांशी बोला. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क दूरध्वनी आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मनातल्या कोणत्याही त्रासाबद्दल मराठीत बोलता येते. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभे केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. अनेक गावांत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा भरतात, तिथे शुल्क नसते आणि नावही गुप्त राहते.

तुमच्यापैकी काहींच्या घरी पिणारी व्यक्ती वेगळीच असेल : वडील, काका, मोठा भाऊ. त्यांचे पिणे हा तुमचा दोष नव्हे आणि ते थांबवणे ही एकट्या तुमची जबाबदारीही नव्हे. अशा कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन आणि किशोरवयीनांसाठी ॲलटीन हे गट आहेत. घरात मारहाण होत असेल तर १०९८ या बालकांसाठीच्या क्रमांकावर कळवा.

शिक्षकांना एक विनंती. पट्टीचा प्रयोग वर्गात जरूर करून घ्या, आणि वरचे क्रमांक सूचनाफलकावर लावा. ज्याला त्यांची गरज आहे तो विद्यार्थी बहुधा तुमच्याकडे विचारायला येणार नाही, पण येता-जाता ते वाचून ठेवील.