भागीचा धंदा आणि उघडी वही

आमच्या गावात पाच जणांनी मिळून तेलाचा घाणा घातला होता. पाचही माणसे कष्टाळू. शेंगदाणा गावचाच. तेल चांगले निघे आणि गिऱ्हाईकही येई. तरी दुसऱ्या दिवाळीला घाणा बंद पडला. का बरे?

चोरी कुणीच केली नव्हती. पण माल कुणी आणायचा, उधारी कुणी वसूल करायची, हे ठरलेच नव्हते. ज्याला गरज पडे तो गल्ल्यातून पैसे काढी. हिशेब एकाच्या डोक्यात. मग एक म्हणाला, "राबतो मी एकटाच." दुसरा म्हणाला, "पैसे गेले कुठे?" पाच मित्र एकमेकांचे तोंड बघेनासे झाले. 'भागीचे घोडे किवणाने मेले' म्हणतात, ते असे.

मी तेव्हा शाळेत हेडमास्तर होतो. रोज अर्धा तास बसून त्यांचा हिशेब लिहून देता आला असता. त्यांनी विचारले नाही आणि मीही सुचवले नाही. ती रुखरुख अजून आहे.

आता मुंबईची एक गोष्ट ऐका. ही खरी घडलेली आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्याच एक. संसाराला चार पैशांचा हातभार लागावा, एवढीच इच्छा. भांडवल नव्हते, म्हणून ८० रुपये उसने घेतले. इमारतीच्या गच्चीवर काम सुरू झाले. पहिल्या दिवशी पापडांची चार पुडकी झाली.

पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात. काम थांबवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! पावसातही काम चालू राहिले.

हाच तो 'लिज्जत' पापड. १९६६ साली त्यांची संस्था रीतसर नोंदली गेली. आज त्यात ४० हजारांहून जास्त बहिणी आहेत. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री हा किताब मिळाला. सात जणींचे हजारो झाल्या, तरी धंदा मोडला नाही. त्यांचा कारभार कसा चालतो, ते पाहा.

पहिली गोष्ट कामाच्या वाटणीची. पीठ शाखेत मळतात. बहिणी ते वजन करून घरी नेतात, पापड लाटतात, वाळवतात आणि शाखेत आणून देतात. तिथे कुणी पापड तपासते, कुणी वजन करते, कुणी पुडकी बांधते. प्रत्येक शाखेला एक संचालिका असते. साऱ्या संस्थेवर २१ जणींचे मंडळ असते, तेही बहिणींमधलेच.

दुसरी गोष्ट एका मापाची. पापड कोणीही लाटो, चव आणि आकार एकच हवा. पापड बिघडला तर तो घेत नाहीत. तिथे ओळख-पाळख चालत नाही.

तिसरी गोष्ट रोखठोक हिशेबाची. पापड दिले की लाटण्याची मजुरी मिळते. किती पीठ नेले, किती पापड आले, याची लेखी नोंद असते.

चौथी गोष्ट मालकीची. लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. धंदा तोट्यात गेला तरी कुणाची देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते.

शहरात या विद्येवर जाडजाड पुस्तके आहेत. तुम्ही चार प्रश्न ध्यानात ठेवा. काम कुणाचे? माप कोणते? हिशेब कुठे लिहिला आहे? नफा-तोटा कुणाचा?

भागीत दुभती म्हैस घ्या, पिठाची गिरणी घाला, नाही तर बचत गट काढा. आधी या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून काढा. मग सगळ्यांनी सह्या करा. वही एकाच्या पेटीत कुलूपबंद ठेवू नका. दर आठवड्याला ती सगळ्यांसमोर वाचा.

आता तुम्हांला वाचता येते. "वही दाखवा," असे म्हणायला लाजू नका. वही मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे. वही उघडी असली की संशयाला जागाच राहत नाही, आणि मैत्रीही टिकते.