विमानाचा बोल्ट : बदलाची मुभा आणि तिची मर्यादा

सोलापूरच्या नवी पेठेतील एखाद्या गृहस्थाच्या यंत्रमागाचा बोल्ट झिजला, तर जुना नमुना दाखवून तशाच जाडीचा दुसरा खरेदी करण्यात काही गैर नाही. परंतु विमानाच्या बाबतीत नजरेची साक्ष कदापि ग्राह्य धरली जात नाही. अमेरिकी ‘एएन’ मानकातील ३ क्रमांकाच्या बोल्टाचा व्यास ३/१६ इंच असतो आणि सर्वसाधारण पोलादी बोल्टाची ताणशक्ती दर चौरस इंचास किमान १,२५,००० पौंड असावी लागते; म्हणून पर्यायी बोल्ट व्यास, धातू, मुलामा आणि आटे नसलेल्या दांड्याची लांबी या सर्व कसोट्यांस उतरला आणि निर्मात्याच्या दस्तऐवजात अथवा अधिकृत मंजुरीत त्याची नोंद असली, तरच तो बसविता येतो. लांबीतील अल्प तफावत वॉशरने भरून काढण्यास मुभा आहे. मात्र दांडा घासणे, आटे वाढविणे किंवा मंजुरीवाचून छिद्र पाडणे सर्वथा वर्ज्य होय.

ही सक्ती अनाठायी नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकासमोरील काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. तो बचावला, पण चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, जुन्याशी नजरेनेच ताडून बसविलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट विहित व्यासाहून केवळ ०.०२६ इंचाने बारीक होते. नाशिकनजीकच्या ओझर येथील, १९६४ साली स्थापन झालेल्या विमान कारखान्यापासून लहानशा हँगरपर्यंत सर्वत्र प्रत्येक बोल्टामागे कागदोपत्री दाखला असणे आवश्यक ठरते, ते याचसाठी.