चढावरचे पालक

क्रॉस-कंट्री स्कीइंग हा पालकांना जवळजवळ न दिसणारा खेळ आहे. पाच किलोमीटरची शर्यत शाळकरी मुलं साधारण पंधरा-वीस मिनिटांत संपवतात, आणि त्यातला बहुतेक वेळ ती झाडीत असतात. सुरुवातीची रेषा, एखादा चढ, एखादं वळण आणि शेवटचा सरळ पट्टा, एवढ्या ठिकाणी मिळून आईबापांना आपलं मूल फार तर मिनिटभर दिसतं. कठड्याला टेकून अख्खा सामना बघायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे चुटपुट लावणारं वाटतं. माझी लेक अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका हायस्कूलच्या संघात खेळते. तिच्या शर्यती बघता बघता माझं मत असं झालं आहे की, या वयाच्या मुलांचं पालकांना एवढंच दिसावं, हे उत्तम आहे.

स्कीइंग म्हटलं की आपल्या मनात गुलमर्गचा उतार येतो. गोंडोलात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. क्रॉस-कंट्रीत वर नेणारं कोणी नसतं. शर्यतीच्या वाटेत चढ, उतार आणि लहानमोठ्या लाटांसारखी जमीन साधारण सारख्या वाट्याने असते, आणि सगळी आपल्याच हातापायांनी पार करायची असते. बूट फक्त चवड्याशी स्कीला अडकवलेला असतो, टाच मोकळी. पाय, दंड, पाठ, पोट असं सगळं शरीर एकदम राबतं. म्हणूनच शरीर किती प्राणवायू वापरू शकतं याच्या मोजमापात या खेळातले खेळाडू जगात सगळ्यांत वरच्या रांगेत असतात.

एकोणिसाव्या शतकात नॉर्वे-स्वीडनहून मोठ्या संख्येने लोक मिनेसोटात आले आणि त्यांच्याबरोबर स्कीही आल्या. आज इथल्या कितीतरी शाळांमध्ये हा हिवाळ्यातला खेळ आहे. नोव्हेंबरच्या मध्याला सराव सुरू होतो आणि फेब्रुवारीत राज्य स्पर्धेने हंगाम संपतो. सातवीतलं मूलही हायस्कूलच्या संघात येऊ शकतं. या खेळात सहसा कोणाला निवड चाचणीत गाळत नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याने आयुष्यात कधी बर्फावर पाऊल ठेवलेलं नाही, त्या मुलालाही संघाचा पोशाख मिळतो आणि शर्यतीत छातीवर क्रमांक लागतो. हैदराबादहून, सोमालियाहून, पुण्याहून आलेल्या घरांतली मुलं या दाराने आत येतात.

शर्यतीचे प्रकार दोन. क्लासिकमध्ये यंत्राने बर्फात कोरलेल्या दोन समांतर खाचांतून, चालल्यासारखं एकेक पाय मागे दाबत पुढे सरकायचं. स्केटिंगमध्ये रुंद दाबलेल्या बर्फावर स्की तिरक्या टाकत, कडेने रेटा देत जायचं. अमेरिकेच्या बिल कोकने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही तिरकी ढकल शर्यतींत गाजवली आणि 1982 मध्ये विश्वचषकाचं एकूण विजेतेपद मिळवलं. ती पद्धत इतकी वेगवान निघाली की जुनी पद्धत टिकावी म्हणून पुढे दोन्हींच्या शर्यतीच वेगळ्या कराव्या लागल्या. राज्याच्या उत्तरेला, बिवाबिक गावाजवळ जायंट्स रिज इथे होणाऱ्या राज्य स्पर्धेत मुलांना दोन्ही यावं लागतं. सकाळी एका प्रकारात धावायचं, आणि दुपारी सकाळच्या वेळेतल्या फरकाने एकामागोमाग एक सुटून दुसऱ्या प्रकारात. दुपारी जो आधी पोचेल तो जिंकला, त्यामुळे बघणाऱ्याला हिशेब करत बसावं लागत नाही.

क्लासिकचं खरं शास्त्र मेणात आहे. ही स्की मध्यभागी कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना तो मधला भाग बर्फाला टेकत नाही. एका पायावर जोर दिला की तो दबतो, तिथलं चिकट मेण बर्फाच्या कणांना धरतं आणि पुढे रेटा मिळतो. जोर काढला की पकड सुटते आणि टोकांवरच्या गुळगुळीत मेणावर स्की घसरते. पकडीच्या मेणाच्या कांड्या रंगाने ओळखतात: कडाक्याच्या थंडीला हिरवं, त्याहून कमी थंडीला निळं, शून्याच्या आसपास जांभळं किंवा लाल. बर्फ वितळून पुन्हा गोठला असेल तर क्लिस्टर लागतं, गुळाच्या पक्क्या पाकासारखं चिवट, बोटांना लागलं की दिवसभर न सुटणारं. मेण कमी पडलं तर चढावर पाय मागे सटकतो. जास्त झालं तर उतारावरही बर्फ पायाला धरून ठेवतो. सकाळी आठला लावलेलं मेण ऊन वर आल्यावर अकराला चुकीचं ठरू शकतं. म्हणून शर्यतीच्या ठिकाणी प्रशिक्षक आणि काही पालक टेबलं मांडून, इस्त्री आणि बुचाचा ठोकळा घेऊन सतत घासत, तपासत असतात.

घसरण्याच्या मेणात पूर्वी फ्लोरिन असलेली रसायनं घालत. ओल्या बर्फावर ती विलक्षण वेग देत, पण पीएफएएस नावाच्या या रसायनांचं निसर्गात विघटन होत नाही. ती बर्फाबरोबर मातीत आणि पाण्यात जातात, आणि इस्त्रीच्या धुरातून मेण लावणाऱ्याच्या छातीत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून त्यांच्यावर बंदी घातली. मिनेसोटाने 1 जानेवारी 2025 पासून ही रसायनं मुद्दाम घातलेल्या मेणाची विक्रीच बंद केली. बंद गॅरेजमध्ये मुलांच्या स्कीवर इस्त्री फिरवणाऱ्या आईबापांच्या दृष्टीने हा कायदा फार आधी यायला हवा होता.

आता उभं कुठे राहायचं? नवखे पालक शेवटच्या रेषेपाशी गर्दी करतात. जाणते चढाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात जाऊन थांबतात. चढाच्या पायथ्याशी मुलांत जोर असतो आणि माथ्यावर पोचली की उताराचा विसावा दिसत असतो. माथ्याच्या जरा अलीकडच्या त्या तुकड्यात श्वास तुटतो, दंड जड होतात आणि मन थांबायला सांगतं. तिथे घातलेली हाक कामाला येते. हाक छोटी हवी. आम्ही ‘चल, चल, अजून दहा पावलं’ एवढंच ओरडतो, शेजारी नॉर्वेजियन वळणाचे आजोबा ‘हेया, हेया’ करतात आणि कोणी गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतं. तंत्राच्या सूचना द्यायला प्रशिक्षक आहेत, आपण त्या द्यायच्या नाहीत. थंडीची तयारी मात्र स्वतःची ठेवावी. शून्याखाली वीस अंश सेल्सिअसहून जास्त थंडी पडली तर आंतरराष्ट्रीय नियमाने शर्यत होत नाही, पण उणे पंधरालाही पायांखाली पुठ्ठा किंवा फोमचा तुकडा नसेल तर अर्ध्या तासात बोटं बधिर होतात.

शेवटच्या रेषेवरचं दृश्य पहिल्यांदा बघणाऱ्याचं काळीज हलवतं. रेषा ओलांडली की मुलं जागच्या जागी बर्फावर कोसळतात, तोंडावर लाळ गोठलेली, छाती भात्यासारखी हलत असते. बहुतेकांच्या बाबतीत यात काळजीचं काही नसतं. सगळे मोठे स्नायू एकाच वेळी राबल्यावर शरीर थोडा वेळ मागून घेतं, आणि दोन-तीन मिनिटांत तीच मुलं हसत कोरडे कपडे शोधू लागतात. पालकांनी हातात जाड कोट आणि गरम पेय घेऊन बाजूला उभं राहावं. धावत जाऊन उचलायचं नाही.

या राज्यातल्या मुलींच्या गालांवर शर्यतीच्या दिवशी चमकी दिसते. ती चमकी लावून शर्यतीत उतरणाऱ्या जेसी डिगिन्समुळे. सेंट पॉलच्या पूर्वेला असलेल्या ॲफ्टन गावची ही मुलगी स्टिलवॉटरच्या हायस्कूल संघातून पुढे आली. 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये तिने आणि किकन रँडलने सांघिक स्प्रिंट जिंकली, तेव्हा स्वीडनपेक्षा त्या अवघ्या 0.19 सेकंदांनी पुढे होत्या. अमेरिकेचं क्रॉस-कंट्रीतलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक होतं. पण तिची मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. किशोरवयाच्या अखेरीस तिला खाण्याशी संबंधित आजाराने ग्रासलं होतं, उपचार घेऊन ती त्यातून बाहेर आली आणि हे तिने उघडपणे सांगितलं. हलकं शरीर चढ लवकर चढतं, हा विचार या खेळात मुलींच्या मनात फार सहज शिरतो. आपल्या घरांत ‘बारीक झालीस’ आणि ‘जाड झालीस’ ही वाक्यं पाहुण्यांच्या तोंडी पहिली असतात. खेळणाऱ्या मुलीसमोर ती बंद करायला हवीत, आजी-मावश्यांना स्पष्ट सांगून. शर्यतीनंतर तिने पोटभर जेवणं, हे तिच्या क्रमांकापेक्षा आईने जास्त लक्षात ठेवायचं.

क्रमांकाबद्दल या खेळाची एक जुनी रीत आहे. 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये नॉर्वेचा ब्यॉर्न डेली दहा किलोमीटर क्लासिक जिंकला. केनियाचा फिलिप बॉइट 92वा, म्हणजे सर्वांत शेवटी आला. त्याला मिठी मारायला डेली थंडीत शेवटच्या रेषेवर थांबून राहिला होता. बॉइटने पुढे आपल्या मुलाचं नाव डेली ठेवलं. शालेय शर्यतींतही शेवटचं मूल येईपर्यंत पुढची मुलं रेषेपाशी थांबतात आणि त्याला पहिल्यापेक्षा मोठ्याने हाका मारतात. आपली मुलं हे पाहत मोठी होतात, याचा मला फार आनंद आहे.

धास्ती आहे ती बर्फाची. 2024 च्या फेब्रुवारीत मिनीआपोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये विश्वचषकाच्या शर्यती झाल्या. 2001 नंतर अमेरिकेत प्रथमच होणाऱ्या या शर्यतींसाठी शहर उसळलं, पण त्या हिवाळ्यात जमीन उघडी पडली होती आणि वाट कृत्रिम बर्फावर तयार करावी लागली. शेजारच्या विस्कॉन्सिनमधली पन्नास किलोमीटरची अमेरिकन बर्कबायनर ही शर्यत त्याच महिन्यात दहा किलोमीटरच्या घेऱ्यात फिरवून घ्यावी लागली. शाळांचे सरावही आता बऱ्याचदा बर्फ बनवणाऱ्या बागांतल्या लहान वर्तुळावर होतात. तिथे मूल दर पाच-सात मिनिटांनी समोरून जातं, पालकांना भरपूर दिसतं. पण झाडीत एकटं असताना स्वतःचा वेग, श्वास आणि भीती सांभाळायला मुलं शिकतात, ते या वर्तुळावर शिकता येत नाही. म्हणून आमचा पालकांचा गट बर्फ-यंत्रांच्या निधीला हातभार लावतो, आणि उत्तरेकडे खरा बर्फ पडला की शनिवारी पहाटे गाड्या काढून मुलांना तिकडच्या लांब वाटांवर नेऊन सोडतो.